पाचवा व्यायाम

सामान हलवणाऱ्यांच्या धंद्यात माणसाला नावाने फारसं कुणी ओळखत नाही. तो जिन्यात कुठे उभा असतो, त्यावरून ओळखतात. जड कपाट उतरवताना एक जण वर असतो आणि एक खाली. वरच्याने पट्टा धरायचा, वेग आवरायचा, हाक द्यायची. खालच्याने कपाट पाठीवर घ्यायचं आणि तोंड पुढे करून एकेक पायरी उतरायची. मागचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. वरचा माणूस जागेवर आहे हे धरूनच पाऊल टाकायचं. त्यात काय मोठंसं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकशेवीस किलोचं कपाट पाठीवर घेऊन चार मजले उतरून बघावं, मग बोलू.

खांब्या एकोणीस वर्षं खालची बाजू धरत होता. मान जाड, खांदे रुंद, बोलणं मोजकं, म्हणून खांब्या. आणि त्याच्या वर एकोणीस वर्षं एकच माणूस, पेन्सिल. हा अंगाने काटकुळा पण हाताला चिवट, आणि कानामागे सदा पेन्सिल खोचलेली. खोक्यांवर कुठल्या खोलीचं काय, ते सुरेख टपोऱ्या अक्षरात लिहिणार आणि लिहिता लिहिता ज्यांचं घर हलतंय त्यांना हसवणार. घर सोडताना रडवेली झालेली माणसं पेन्सिलच्या बडबडीने सावरायची. खांब्या आपला कोपऱ्यात घाम पुसत उभा. दोघांच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, आपल्यापेक्षा या दोघांचंच लग्न जास्त मुरलंय.

साडेचार महिन्यांपूर्वी एका घराच्या तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवत होते. वळणावर पेन्सिलच्या कानामागची पेन्सिल निसटली आणि ती झेलायला त्याचा हात गेला. झेलायची काय होती ती, दुसरी मिळाली नसती का? पण हात गेला, पट्टा सुटला, सगळा भार खांब्याच्या पाठीवर आला आणि डावा गुडघा आत वळला. गुडघ्याची वाटी जागची सरकून बाजूला गेली. खांब्या ओरडलाही नाही, नुसता भिंतीला टेकला. त्याही स्थितीत त्याने कपाट पडू दिलं नाही.

कंपनीचा नियम कडक होता. हाक न देता वरच्याने पट्टा सोडला, तर त्याच दिवशी घरी. मालकीणबाई दवाखान्यात आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ विचारलं, "काय झालं?"

पेन्सिल खाटेच्या पायाशी उभा होता. तोंडचं पाणी पळालेलं.

"माझाच पाय घसरला," खांब्या म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं, खाली खांब्याची सही घेतली. बाई गेल्यावर पेन्सिलने खांब्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. "तुझे उपकार मी जन्मात फेडू शकत नाही," म्हणाला. खांब्याला असल्या बोलण्याने अवघडल्यासारखं व्हायचं. तो म्हणाला, "पाणी दे जरा."

शस्त्रक्रिया झाली, दीड महिना पाय पट्ट्यात जखडला. पट्टा निघाला तेव्हा आपली मांडी बघून खांब्याचे डोळेच पांढरे झाले. उजवी होती तशीच होती, डावी वाळून गेलेली. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी बाई होती, तिला सगळे फिजिओबाई म्हणत. तिने पेन काढलं आणि सरळ मांडीवर चित्र काढायला घेतलं.

"इथे एकच स्नायू असतो असं वाटतं ना? चार आहेत. हा मधला, लांबडा, पार कमरेपासून आलेला. त्याच्या खाली हा दडलेला, दिसत नाही पण राबतो. हा बाहेरच्या अंगाचा, सगळ्यांत दांडगा. आणि हा आतला, गुडघ्याच्या जरा वर, थेंबाच्या आकाराचा. एकाला पूर्ण वेगळं काढून राबवता येत नाही, चौघं मिळूनच ओढतात. पण पाय कसा ठेवला, कुठे ताण दिला, त्यावर कोण जास्त ओढणार ते ठरतं. कागदावर सगळं लिहिलंय. रोज करायचं. दहा आठवड्यांनी दाखवायला या."

बाईच्या दारात चाळीस माणसं ताटकळत होती. तिने छापील कागद हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं. कागदावरची अक्षरं मुंगीएवढी. खांब्याला चष्म्याशिवाय खोकंसुद्धा नीट दिसायचं नाही आणि चष्मा त्याच जिन्यात फुटला होता. पेन्सिल बरोबर होताच. त्याने कागद घडी करून खिशात टाकला. "आण इकडे. मोठ्या अक्षरात लिहून आणतो, भिंतीवर लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो पुठ्ठा घेऊन हजर. खोक्याचा कापलेला पुठ्ठा, वर काळ्या मार्करने लिहिलेलं. एक, मधला: पाठीवर झोपून पाय ताठ ठेवून उचला. दोन, दडलेला: भिंतीला पाठ लावून अधांतरी बसा. तीन, बाहेरचा: घोट्याला वजन बांधून, खुर्चीत बसून पाय सरळ करा. चार, आतला: खुर्चीवरून हात न लावता उठा आणि बसा. चार स्नायू, चार व्यायाम. कुणाला शंका यायचं काय कारण? मूळ कागदाचं विचारलं तर म्हणाला, धुण्यात गेला, लगदा झाला.

तेव्हापासून पेन्सिल रोज यायचा. कामावर आठला हजर व्हायचं असे, त्याआधी सहाला खांब्याच्या दारात. खांब्याच्या बायकोने जुन्या पँटचा पाय कापून त्यात वाळू भरली आणि घोट्याला बांधायची पिशवी शिवून दिली. ती लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची, सुईदोऱ्यातही हात बसलेला. खांब्या भिंतीला टेकून अधांतरी बसला की पेन्सिल समोर उकिडवा बसून आकडे मोजायचा. तीसवर आला की मुद्दाम परत सत्तावीस म्हणायचा. खांब्या दात आवळून हसायचा, पाय लटलटायचे. मग टेप काढून मांडीच्या मध्यावर गुंडाळायची. "पाऊण इंच वाढली. आता दीड. वहिनी, बघा तरी, नवरा पुन्हा घडतोय तुमचा."

वहिनी त्याला आल्या आल्या चहा द्यायची. असा मित्र नशिबाने मिळतो, असं ती शेजारणीला सांगायची आणि मनापासून सांगायची.

आता खांब्यापुढचा प्रश्न काय होता तो सांगून टाकतो. जखमी होऊन रजेवर गेलेल्या माणसाला साडेचार महिन्यांत परत उभं राहून दाखवावं लागे. हा नियम मालकीणबाईंचा नव्हता, विमावाल्यांचा होता, त्यामुळे गयावया करून उपयोग नाही. कंपनीच्या गोदामाला चार मजले होते. तिथल्याच जिन्यावरून वजन भरलेलं कपाट खालची बाजू धरून उतरवायचं, आपल्या नेहमीच्या वरच्या माणसाबरोबर. मध्ये 'टेक' म्हणून एकदा थांबायची मुभा. दुसऱ्यांदा टेक म्हटलं की संपलं. मग आयुष्यभर गुंडाळायच्या टेबलावर बसून कपबशा कागदात गुंडाळायच्या. त्या कामाला कुणी हसत नाही, पण खांब्या सेहेचाळीस वर्षांचा होता आणि जिना उतरणं सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं. जिन्यात तो कोणीतरी होता. जिना गेला की तो नुसता जाड मानेचा, कमी बोलणारा माणूस उरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तोवर त्याच्या जागेवर तात्पुरता माणूस घेतला होता, तो पेन्सिलचा मेहुणा. पेन्सिलच्या बायकोचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, बाटल्या भरायच्या कारखान्यातलं काम सुटलेला. बायको आणि दोन पोरांसकट तो पेन्सिलच्याच दोन खोल्यांत राहत होता, पेन्सिल, त्याची बायको आणि त्यांच्या दोन पोरांबरोबर. स्वयंपाकघरात झोपायचे चौघं. पेन्सिल हसत सांगायचा, रात्री पाणी प्यायला उठलं की कुणाच्या तरी पोटावर पाय पडतो. मेहुणा भला माणूस होता. खांब्याला भेटला की म्हणायचा, दादा, लवकर बरे व्हा, तुमच्या जागेवर उभं राहायला लाज वाटते.

दहा आठवडे झाले. खांब्या फिजिओबाईकडे गेला तो छाती काढूनच. मांडी भरली होती, बाहेरच्या अंगाला तर उजवीपेक्षा टणक झाली होती. बाईने मांडी दाबून पाहिली, मान डोलावली, मग गुडघ्याच्या वर आतल्या अंगाला अंगठा ठेवला आणि तिचं कपाळ आठ्यांनी भरलं.

"या पायरीवर डाव्या पायावर उभे राहा. उजवी टाच सावकाश खाली टेकवा. चार अंक मोजत."

खांब्या उभा राहिला. एक म्हणेपर्यंत ठीक होतं. दोनला गुडघा थरथरायला लागला, तीनला आत वळला आणि वाटी बाहेरच्या बाजूला अशी सरकली की त्याने झटकन टेबल धरलं. कपाळावर घाम फुटला.

"पाचवा करत नाही तुम्ही," बाई म्हणाली.

"पाचवा कुठला?"

"असं काय करता? सगळ्यांत महत्त्वाचा तोच." तिने खण उघडून तसाच छापील कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "पाच, आतल्या स्नायूसाठी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबा, पायात शेवटी राहतो तो चार बोटांचा वाकही काढून तो ताठ करा, दहा अंक धरून ठेवा. मग पायरीवरून टाच सावकाश खाली. उतरताना वाटी जागेवर धरून ठेवायचं काम याच एकाचं. बाहेरचा बाहेर ओढतो, हा आत धरतो. तुम्ही बाहेरच्याला खाऊ घातलंत आणि याला उपाशी ठेवलंत. आता सगळी ओढ एकाच बाजूला. त्यापेक्षा काहीच केलं नसतंत तर बरं झालं असतं."

"चौथा आतल्याचा ना?"

"चौथा चौघांचा. स्पष्ट लिहिलंय की, चारही स्नायूंसाठी. हा बघा."

खांब्याने नवा चष्मा पुसला, पुन्हा लावला. लिहिलं होतं खरं.

"भरून यायला किती दिवस?"

"आठ आठवडे. अगदी घाई केली तर सहा."

"परीक्षा पंधरा दिवसांनी आहे."

बाईने पेन खाली ठेवलं. "मग देऊ नका," ती म्हणाली. ते सांगायला तिचं काय जातंय.

घरी येईपर्यंत खांब्याने पेन्सिलच्या वतीने सगळी वकिली करून पाहिली. घाईत लिहिलं असेल. पाचवा मागच्या पानावर असेल. पण कागद एकपानी होता. पुठ्ठ्यापुढे उभा राहून त्याने बाईकडून आणलेला कागद शेजारी धरला. पहिले तीन शब्दाला शब्द जुळत होते. चौथ्यापुढे कागदावर होतं, चारही स्नायूंसाठी. पुठ्ठ्यावर त्या सुरेख टपोऱ्या अक्षरात होतं, आतला. विसरलेला माणूस एक ओळ गाळतो. पण गाळलेल्या ओळीतला शब्द उचलून वरच्या ओळीत नीट बसवायचा, चार खोल्यांना चार खोकी असा मेळ दिसेल असं करायचं, हे विसरण्यात बसत नाही. त्याला डोकं लागतं. रात्री आपल्या स्वयंपाकघरात चौघांच्या पायांमधून वाट काढून, दिवा लावून, पुठ्ठा पुढ्यात घेऊन बसावं लागतं.  खांब्या मोरीत गेला आणि नुसता नळ सोडून उभा राहिला.

बायकोने कागद वाचला, पुठ्ठा वाचला आणि पायात चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"त्याच्या घरी. केसाने गळा कापला मेल्याने, आणि मी त्याला रोज चहा पाजत होते."

"जायचं नाही."

"का? काय बाकी राहिलंय?"

 एकोणीस वर्षं ज्याच्याकडे भरवशाने पाठ केली, त्याला एकदम दारात उभं करून चोर म्हणायचं, हे खांब्याला झेपत नव्हतं. त्याला अजून वाटत होतं, हा स्वतःहून सांगेल. माणूस आहे, चुकतो, रात्री झोप उडते, सकाळी येऊन कबूल करतो. तेवढी संधी त्याला द्यायची. "तू काही बोलायचं नाहीस," तो म्हणाला. "मला शपथ घालायला लावू नकोस." बायकोने चपला काढून भिंतीवर आपटल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला पेन्सिल आला. शीळ घालत. "काय म्हणाल्या बाई?"

"मांडी भरली म्हणाल्या."

"मी म्हटलं नव्हतं? चल, सुरू करू."

खांब्या भिंतीला टेकून बसला. पेन्सिल आकडे मोजत होता आणि खांब्या त्याच्या तोंडाकडे बघत होता. कुठे काही दिसतंय का, एखादी सुरकुती, डोळ्याची एखादी हालचाल. काही नाही. तोच तीसवरून सत्तावीसवर येणारा खट्याळपणा. खांब्या हसला नाही, तेव्हा पेन्सिल म्हणाला, आज मूड नाही वाटतं. बायकोने चहा आणून ठेवला तो कोमट, वर साय धरलेला. पेन्सिलने तोही गोड मानून घेतला.

"एवढंच आहे ना रे?" चार झाल्यावर खांब्याने विचारलं. "आणखी काही नाही ना कागदावर?"

पेन्सिल टेप गुंडाळत होता. "एवढंच. चार म्हणजे चार."

असे पंधरा दिवस. खांब्याने चार वेळा विचारलं, चार निरनिराळ्या तऱ्हेने. एकदा म्हणाला, उतरताना गुडघा हलतो, काय करावं. पेन्सिल म्हणाला, भीती आहे ती मनातली. एकदा म्हणाला, ती बाई आतल्याबद्दल काहीतरी सांगत होती. पेन्सिल म्हणाला, चौथा वाढव मग. एकदा तर पुठ्ठ्याखाली जागा किती मोकळी राहिली आहे बघ, असं म्हणाला. पेन्सिलने पुठ्ठ्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं. मग पेन्सिल म्हणाला, तिथे तुझ्या परीक्षेची तारीख लिहू, आणि कानामागची पेन्सिल काढून खरंच लिहिली.

तो गेला की खांब्या दार लावून पाचवा करायचा. टॉवेलची गुंडाळी, शेवटचा चार बोटांचा वाक, दहा अंक. मग उंबऱ्यावर उभं राहून टाच खाली. सकाळी चाळीस वेळा, संध्याकाळी चाळीस वेळा. बायको शेजारी बसून गुडघ्यावर आतून बोट ठेवायची, हलतोय का कळायला. बाराव्या दिवशी म्हणाली, "हलला, किंचित." आतल्या अंगाला कातड्याखाली खरंच काहीतरी आवळल्यासारखं होत होतं. बाईने सांगितले होते सहा आठवडे. इथे दोन सुद्धा नव्हते. बायकोने बोट काढलं नाही आणि वर बघितलं नाही. खांब्याला कळत होतं ती का वर बघत नाही ते. त्याच्या मनात आलं, हा थेंबाएवढा स्नायू मला अडीच महिन्यांपूर्वी मिळाला असता. माझा होता तो. तेव्हा त्याला पहिल्यांदा दुःखाऐवजी राग आला आणि तो गेला नाही.

परीक्षेच्या दिवशी गोदामाच्या चौथ्या मजल्यावर तीन दारांचं कपाट बांधून तयार होतं, आत वाळूची पोती. मालकीणबाई वही घेऊन जिन्यात उभ्या होत्या. मेहुणाही आला होता, मदत लागली तर म्हणून. त्याने खांब्याला खांद्याचा पट्टा चढवून दिला. पेन्सिल वर उभा राहिला, त्याने आपला पट्टा मनगटाला गुंडाळला.

"धरलं," पेन्सिल म्हणाला. ही त्याची हाक. एकोणीस वर्षं ही हाक आली की खांब्याच्या अंगातली अर्धी भीती निघून जायची. आज ती ऐकून त्याचे खांदे आखडले.

चौथा मजला उतरला. गुडघा धरून होता. आतल्या अंगाला तो चिमुकला थेंब जिवाच्या आकांताने ओढतोय हे त्याला कळत होतं आणि बाहेरचा दांडगा त्याला जुमानत नव्हता. तिसऱ्याच्या मध्यावर वाटी सरकायला लागली. "टेक," खांब्या म्हणाला. कपाट पायरीवर टेकलं. बाईंनी वहीत एक रेघ ओढली. मेहुणा वरून म्हणाला, सावकाश दादा, घाई नाही.  पेन्सिलचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

दुसरा मजला उतरला. शेवटच्या मजल्याच्या अठरा पायऱ्या राहिल्या. खांब्याने मोजायला घेतल्या. सात झाल्या, आठ झाल्या. नवव्या पायरीवर उजवा पाय खाली सोडताना डावा गुडघा आत गेला, तसाच, त्या दिवशीसारखा. खाली फरशी दिसत होती, नऊ पायऱ्यांवर. दात आवळून उतरता आलं असतं की नसतं देव जाणे, पण वाटी जागेवरून निघाली होती आणि पाठीवर एकशेवीस किलो होते.

"टेक," तो म्हणाला. टेकवायला मात्र वेळच मिळाला नाही, पाय वाकला.

आणि पाठीवरचा भार एकदम नाहीसा झाला. वर पेन्सिलने पट्टा असा धरला होता की सबंध कपाट एकट्याच्या मनगटावर तोलून धरलं. पट्टा तळहाताची साल काढत होता, तोंडातून आवाज फुटत नव्हता, पण हात सुटला नाही. मेहुणा धावला, दोघांनी मिळून कपाट पायरीवर ठेवलं. खांब्या भिंतीला धरून उभा होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वर कोणी नाही असं वाटलं होतं, आणि नेमका आजच तो होता.

बाईंनी दुसरी रेघ ओढली. वही मिटली.  "खालची बाजू बंद तुझी. सोमवारपासून टेबलावर ये. वाईट वाटतं रे, पण माझ्या हातात नाही." मग मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "तू आता कायम."

खाली अंगणात ट्रकच्या आडोशाला खांब्या पाय लांब करून फळीवर बसला होता. पेन्सिल आला. तळहातांवर रुमाल गुंडाळलेला, त्यातून रक्त आलेलं. तो समोर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"पाचवा एक होता," तो म्हणाला. "मी लिहिला नाही."

"माहीत आहे."

पेन्सिलने मान वर केली. "केव्हापासून?"

"फिजिओबाईकडे गेलो त्या दिवसापासून. पंधरा दिवस."

"मग बोलला का नाहीस? थोबाडीत द्यायचीस माझ्या. एवढे दिवस मी येत होतो, मोजत होतो..."

"रोज दार उघडताना वाटायचं, आज सांगशील."

 पेन्सिल भडभडा बोलत सुटला. दोन खोल्या, आठ माणसं, बायको रोज डोळ्यांत पाणी आणायची, मेहुणा कायम झाला तरच वेगळी खोली घेऊ शकणार. टेबलावरचं काम सोपं, बसून करायचं, गुडघ्याला आराम. "तुझंही भलंच होईल असं वाटलं मला," तो म्हणाला.

"माझं भलं मला विचारून करायचं होतंस."

"मी आत्ता जातो. मालकीणबाईंना सगळं सांगतो."

"कुठलं सांगणार?" खांब्या म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पुठ्ठ्याचं, की कपाटाचं?"

पेन्सिल उठायला लागला होता, तो तिथेच थांबला. पुठ्ठ्याचं सांगितलं तर बाई पहिल्यापासून सगळं खोदून विचारणार, आणि मग गोष्ट त्या जिन्यापर्यंत जाणार. खांब्याची खोटी सही, पेन्सिलचा सुटलेला हात, दोघंही बाहेर. तो पुन्हा खाली बसला. खांब्याला वाटलं होतं, निदान आता तरी हा जाईल. दोघंही बुडालो तरी चालेल, पण एकदा जाऊन सांगेल. तो गेला नाही. पुठ्ठा वाचताना लागलं नव्हतं एवढं ते खांब्याला लागलं.

तेवढ्यात मेहुणा आला, खांद्याचा पट्टा हातात घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खांब्यापुढे वाकून उभा राहिला.

"दादा, रागावू नका. एक विचारायचं होतं. कपाट पाठीवर असलं की मागचं काही दिसत नाही. तात्पुरतं होतं तोवर चालवून नेलं, पण आता रोजचंच झालं. भीती वाटते. ध्यान कुठे ठेवायचं?"

"स्वतःच्या पायांवर," खांब्या म्हणाला. "वर कोण आहे, त्याच्यावर विसंबू नकोस."

मेहुणा हसला. "वर आमचे दाजीच असणार की. तुम्ही तर एकोणीस वर्षं त्यांच्याच भरवशावर उतरलात."

"हो," खांब्या म्हणाला. "मी भरवशावरच उतरलो."

मेहुण्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्याने एकदा खांब्याकडे पाहिलं, एकदा आपल्या दाजींकडे. पेन्सिल हातावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधत होता, वर बघत नव्हता. खांब्या फळीचा आधार घेऊन उठला आणि फाटकाकडे चालू लागला. त्याला हात द्यायला मेहुणा पुढे झाला, तेव्हा त्याने नको म्हटलं.